एक मत अनुकूल

माझ्या लग्नाची पत्रिका मी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती परत माझ्या टेबलावर आली. वर आवक क्रमांक, तारखेचा शिक्का आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात शेरा होता : "मागील बाजूस नकाशा असल्याचे नमूद आहे. तथापि मागील बाजू कोरी आढळून आली. त्रुटीपूर्तता करून पुन्हा सादर करावे."

मी अशी चिडले की त्यांना लग्नाला बोलवायचंच नाही असं ठरवलं. मग पत्रिका उलटून पाहिली. मागची बाजू खरंच कोरी होती. छापणाऱ्याने नकाशा गाळला होता, पत्रिका वाटून संपत आल्या होत्या आणि आमच्या घरातल्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत मंगल कार्यालयाचा नकाशा हाताने काढून त्यांना दिला. लग्नाच्या दिवशी निम्मे पाहुणे वारज्याच्या पुलाखाली गोल फिरत फोन करत होते आणि साहेब गुरुजींच्याही आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. जाताना मला आहेराचं पाकीट दिलं आणि नकाशाही परत दिला. त्यावर लिहिलं होतं, "बरोबर आहे."

साहेब म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या आवक-जावक विभागाचे प्रमुख. विद्यापीठात येणाऱ्या प्रत्येक कागदावर आमच्याकडे क्रमांक पडतो आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावरही. मी तिथे कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, कुठून येता? मी वारजे म्हटलं. गाडीवरून? हो म्हटलं. "म्हणजे पावणेदहाला पोचाल. कार्यालय दहाचं आहे. मधली पंधरा मिनिटं आपण काय करणार, ते ठरवून या." एवढं बोलून ते कामाला लागले. मी घरी जाऊन सांगितलं की माणूस खडूस आहे. चार दिवसांनी कळलं की ते स्वतः कात्रजहून बसने साडेनवालाच येतात आणि तो अर्धा तास जुनी पाकिटं उलटी करण्यात घालवतात.

हा त्यांचा उद्योगच होता. आलेलं प्रत्येक पाकीट ते लोखंडी पट्टीने अलगद उकलायचे, आतली कोरी बाजू वर करून गठ्ठा बांधायचे आणि सगळे कच्चे मसुदे त्यावर लिहायचे. त्यांच्या हाताखाली मी जितकं टंकलेखन केलं, ते सगळं पाकिटांवरून. एकेका मसुद्याला मधेच डिंकाची कड आडवी यायची आणि वाक्य तिच्यावरून उडी मारून पुढे जायचं.

दुसरं म्हणजे ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. कुलगुरूंना आपण, मला आपण, पाण्याचा जार आणणाऱ्याला आपण. आमच्या विभागात एक बोका यायचा आणि नेमका हजेरीपटावर बसायचा. त्यालाही ते म्हणायचे, "आपण जरा उतरता का?" बोका उतरायचा. आम्ही हाड्हुड करून थकायचो, तेव्हा जागचा हलायचा नाही.

आणि जोडपत्र. 'सोबत जोडले आहे' असं लिहिलेल्या कागदासोबत जर काही जोडलेलं नसेल, तर तो कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे, मग तो मंत्रालयातून आलेला असो. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली, पण खोड गेलेली नाही. मी सकाळी मोबाईलवर फुलाचं चित्र आणि सुप्रभात पाठवलं की कात्रजहून उत्तर येतं, "संदेश मिळाला. सोबतचे फूल उघडत नाही."

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. आमच्याकडे एक कर्मचारी परिषद आहे. शिपायापासून कक्षाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या वतीने नऊ माणसं निवडून जातात, कामाच्या वेळा, रजा, पाळणाघर असल्या गोष्टींवर ठराव करतात, आणि परिषदेचा ठराव असल्याशिवाय प्रशासन अशा बाबतीत काडी हलवत नाही. साहेब मुख्य इमारतीतून एकोणीस वर्षं निवडून येत होते आणि या एकोणीस वर्षांत त्यांनी सभेत एकदाही चहा घेतला नव्हता.

आम्हाला वाटायचं पित्ताचा त्रास असेल. माझं अक्षर बरं म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायला मला बसवू लागले, तेव्हा उलगडा झाला. सभा जुन्या दालनात व्हायची. तिथे अध्यक्षांपुढे टेबल आणि बाकीच्यांना नुसत्या खुर्च्या. चहावाले मामा चहा घेऊन आले की प्रत्येकाच्या एका हातात कपबशी आणि दुसऱ्या हातात खारी. अध्यक्ष मोठे हुशार. त्यांना नको असलेला ठराव बरोबर त्या वेळी पुकारायचे आणि म्हणायचे, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत." कोण करणार? एका हातात कडक चहा आणि दुसऱ्या हातातली खारी अर्धी भिजलेली. सगळे एकमेकांकडे पाहायचे, तेवढ्यात ठराव नामंजूर. हवा असलेला ठराव असेल तर अध्यक्ष विचारायचे, "विरोध कुणाचा?" तोही अर्थातच नसायचा.

साहेब मात्र दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसलेले असायचे, रिकामे. त्यांचा एकट्याचा हात वर जायचा. पाळणाघर, वसतिगृहातल्या रखवालदारांना छत्र्या, ग्रंथालयात स्त्रियांसाठी विश्रांतीची खोली, या सगळ्या ठरावांखाली जुन्या इतिवृत्तांत एकच ओळ सापडते : एक मत अनुकूल. मी एकदा त्यांना विचारलं की हा चहाचा डाव सरळ बोलून का दाखवत नाही. ते म्हणाले, "नऊ जणांना ठाऊक असलेली गोष्ट दहाव्या कुणाला सांगू?"

आता सुमनबाईंविषयी सांगायला हवं. सुमनबाई विद्यापीठाच्या बागेत कामाला, माळ्यांच्या मुकादम. मांजरीहून दोन बस बदलून यायच्या. बागेच्या पंचेचाळीस माणसांचा हजेरीपट पूर्वापार आमच्या विभागातल्या कपाटात असायचा, कारण जेव्हा हा नियम झाला तेव्हा बागेत शेडच नव्हती. कपाट उघडायचं दहाला, म्हणून बागेचं कामही सुरू दहाला. थंडी-पावसाळ्यात ठीक. पण मार्च लागला की ही माणसं दहाला सही करून ऊन चढत असताना बागेत जायची आणि दुपारी तीनला भर उन्हात खुरपत बसायची. सकाळी सहा ते दोन वेळ करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याला परिषदेचा ठराव हवा. आणि परिषदेच्या निवडणुकीत मतदान इमारतीनुसार चालायचं. ज्याची हजेरी जिथे, त्याचं मत तिथे. म्हणजे बागेचे सगळे लोक मुख्य इमारतीतले मतदार आणि मुख्य इमारतीच्या तीन जागांवर दरवेळी कारकून निवडून येणार, कारण कारकून चौपट. सुमनबाई दोनदा उभ्या राहिल्या. दोन्ही वेळा शेहेचाळीस मतं पडली. शेहेचाळीसावं कुणाचं, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

एका मार्चमध्ये सही करता करता त्या साहेबांना म्हणाल्या, "सायेब, झाडाला पानी सकाळच्याला घालायचं आसतंय. आमी घालतोय बारा वाजता. झाडंबी उकडत्यात आन् आमीबी. गेल्या साली दोघी जनी चक्कर यिऊन पडल्या."

साहेब म्हणाले, "आपण हे लेखी द्या."

"ल्हिता येतंय मला. येळ न्हाई," असं म्हणून त्या खुरपं उचलून गेल्या.

साहेब बराच वेळ हजेरीपटाकडे बघत बसले. मग त्यांनी पाकिटांचा गठ्ठा पुढे ओढला. त्या आठवड्यात त्यांनी चौदा पाकिटं भरली. परिषदेची घटनाच बदलायचा प्रस्ताव होता तो. हजेरीऐवजी काम धरायचं. ज्याचं काम जिथे, त्याचं मत तिथे. बागेला स्वतःची एक जागा. कायद्याने जागा नऊच, म्हणून एक कुठून तरी कमी करावी लागणार. त्याच्या पुढची ओळ टंकताना माझी बोटं थांबली : "कमी करावयाची जागा : मुख्य इमारत, प्रस्तुत प्रस्तावकाची." मी वर पाहिलं. ते म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय का काही?" मी नाही म्हटलं आणि पुढे टंकलं.

आणि मग त्यांनी जे केलं, ते जगात फक्त आवक-जावकमधला माणूसच करू शकतो. प्रस्तावावर सही करून तो त्यांनी आमच्याच खिडकीत दिला. मी क्रमांक घातला. विषय हजेरीपटाचा, म्हणून नियमाप्रमाणे तो अभिप्रायासाठी संबंधित विभागाकडे, म्हणजे परत त्यांच्याकडे गेला. साहेबांनी तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचला. शेवटी 'सोबत : उन्हाच्या त्रासाबाबत तपशील' असं होतं आणि सोबत काहीच नव्हतं. त्यांनी शेरा मारला, "जोडपत्र आढळून आले नाही. त्रुटीपूर्तता करून पुन्हा सादर करावे." आणि स्वतःचा प्रस्ताव स्वतःला परत पाठवला.

मी म्हटलं, साहेब, हा तुमचाच आहे. ते म्हणाले, "म्हणूनच. माझा सोडला तर उद्या आपला कुठल्या तोंडाने अडवू?"

या सोपस्कारात एप्रिलची सभा हुकली. पुढची सभा थेट पावसाळ्यात. म्हणजे आणखी एक उन्हाळा ती माणसं उन्हातच राहणार. सुमनबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी नेहमीपेक्षा जोर लावून सही केली. मला साहेबांचा संताप आला. मी त्यांना सरळ म्हटलं की तुमच्या नियमापायी पंचेचाळीस माणसं भाजणार आहेत. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस, पण त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "चूक झाली. शेरा बरोबर होता, पण जोडपत्र आधी करायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी अडीच वाजता उठून बागेत जायला लागले. भौतिकशास्त्र विभागाकडून रीतसर मागणीपत्र देऊन एक तापमापक आणला होता. टोपी नाही, छत्री नाही. माळी जिथे खुरपत असतील तिथे अर्धा तास उभे राहायचे, पारा बघायचे, परत येऊन घाम पुसायचे आणि आवक नोंदवहीत लिहायचे. विषयाच्या रकान्यात 'ऊन', कोठून आले या रकान्यात 'वरून', आणि शेऱ्यात अंश. आठवड्यात त्यांच्या नाकाचं साल निघालं. पहिले चार दिवस बागेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाचव्या दिवशी सुमनबाईंनी स्वतःच्या डोक्यावरचं ओलं फडकं त्यांच्या डोक्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "लेखी देऊ का आता?" साहेब ते फडकं घेऊनच विभागात आले आणि संध्याकाळपर्यंत विसरून तसेच बसून राहिले. कुलसचिव येऊन गेले, पण विचारायची हिंमत त्यांचीही झाली नाही.

सगळ्या उन्हाळ्याच्या नोंदी जोडून प्रस्ताव पुन्हा सादर झाला. या वेळी संबंधित विभागाचा अभिप्राय होता, "परिपूर्ण आहे."

सभेचा दिवस आला. साहेबांच्या नोकरीचं वर्षच उरलं होतं आणि ही संधी गेली तर घटनादुरुस्ती पुन्हा तीन वर्षं मांडता येणार नव्हती. अध्यक्षांना प्रस्ताव नको होता हे उघड होतं. उद्यान विभाग त्यांच्या अखत्यारीत होता. माळी सहाला आले तर देखरेखीला त्यांनाही सहाला यावं लागणार. माहिती देण्यासाठी म्हणून सुमनबाईंना बोलावलं होतं. त्या चपला बाहेर काढून दाराच्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत, पायाला माती आहे म्हणाल्या.

चर्चा झाली. कुणी फारसं विरोधात नव्हतं. जागा साहेबांचीच जाणार म्हटल्यावर बाकीच्यांचं काय बिघडत होतं? अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. मामा किटली घेऊन आत आले. आठ कप, आठ खाऱ्या. सगळ्यांचे हात भरले, मामा दुसरी किटली आणायला खाली गेले आणि अध्यक्ष म्हणाले, "घटनादुरुस्तीला अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

साहेबांचा हात वर गेला. एकटाच. एकोणीस वर्षांची ती जुनीच ओळ मी लिहायला घेतली.

तेवढ्यात साहेबांनी हात खाली घेतला आणि ते उठले. ग्रंथालयाच्या मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "आपला कप द्या, मी धरतो. मत काय द्यायचं ते आपण ठरवा." मॅडम गडबडल्या. त्यांनी कप दिला, खारी तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडाने हात वर केला. साहेब पुढच्या खुर्चीकडे गेले. वसतिगृहाचे प्रतिनिधी, मग प्रयोगशाळेचे, मग छापखान्याचे. परीक्षा विभागाच्या दोघांनी कप छातीशी धरून नकारार्थी मान हलवली, त्यांना सोडून ते पुढे गेले. दालनात चार हात वर होते आणि साहेब मधोमध उभे होते, दोन्ही हातांच्या बोटांत दोन-दोन कपांचे कान अडकवून. चहा डुचमळत होता.

अध्यक्षांनी मोजलं. "चार. पाच लागतात." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपला हात दिसत नाही."

"आहेत दोन्ही," साहेब म्हणाले. "कामात आहेत."

ते कप सतरंजीवर ठेवता आले असते हे मला आज सुचतं. त्यांना तेव्हा सुचलं नाही, कारण 'मी धरतो' म्हणून बसले होते. मी पेन टाकून उठायला लागले, तर त्यांनी मला नजरेनेच खाली बसवलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने मधे पडायचं नाही, हा त्यांचाच नियम. एकोणीस वर्षं रिकामे ठेवलेले हात नेमके आज भरलेले, आणि अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

मातीचे पाय सतरंजीवर उमटत आले. सुमनबाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या हिकडं." आधी उजव्या हातातले दोन घेतले, मग डाव्यातले दोन. एक थेंब सांडला नाही. साहेबांनी हात वर केला. एकच केला, दोन्ही केले असते तर मत बाद झालं असतं, असं ते नंतर मला म्हणाले.

"पाच," अध्यक्ष म्हणाले. "मंजूर." मग दारात किटली घेऊन थबकलेल्या मामांकडे वळून म्हणाले, "पुढच्या सभेपासून खारी बंद."

मी इतिवृत्तात 'पाच मते अनुकूल' लिहिलं आणि त्यातला 'पाच' इतका मोठा आला की पुढची ओळ खाली सरकवावी लागली. सांगायला लाज कशाला वाटावी, मला रडू येत होतं आणि हसूही.

खारी काही बंद झाली नाही. तेवढी हिंमत कुठल्याच अध्यक्षात नसते. बागेतून सुमनबाई बिनविरोध निवडून आल्या आणि फेब्रुवारीच्या सभेत त्यांचा पहिला ठराव आला : बागेचा हजेरीपट बागेच्या शेडमध्ये, किल्ली मुकादमाकडे, उन्हाळ्यात वेळ सहा ते दोन. अध्यक्ष सवयीचे गुलाम. ठराव पुकारला आणि नेमका चहा आला. सुमनबाईंनी मानेनेच नको म्हटलं. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, रिकामे. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या शेजारी ग्रंथालयाच्या मॅडमनी वाकून कप खुर्चीखाली ठेवला. मग वसतिगृहवाल्यांनी ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी. अध्यक्षांनी आपला टेबलावर ठेवला.

सभा संपल्यावर मी बाहेर आले तर दाराजवळच्या बाकावर साहेब बसलेले. त्यांना आता आत जागा नव्हती. आणि त्यांच्या एका हातात कपबशी, दुसऱ्या हातात खारी. मामा बाजूला उभे राहून डोळे भरून ते दृश्य बघत होते.

"अनुकूल किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ, साहेब. सगळे."

त्यांनी मान डोलावली आणि तेवढ्यात त्यांची खारी मोडून चहात पडली. सवयच नाही तर दुसरं काय होणार? दोन बोटांनी काढायला गेले, तर उरलेली पण गेली. ते कपात बघत राहिले.

"ही नेहमी अशीच बुडते?"

"बुडते, साहेब. म्हणून तर इतकी वर्षं कुणाचा हात वर होत नव्हता."

त्यांनी कपावरून नजर उचलली. मग बंद झालेल्या दालनाकडे बघून म्हणाले, "बिचारे," आणि त्यांनी मामांकडे चमचा मागितला.